डावीकडे येऊन बसणारा

१

मी डावखुरा शिंपी आहे. उजव्या हातात सुई धरावी म्हणून उस्तादाने लहानपणी माझा डावा हात पाठीशी बांधून ठेवला होता. तीन महिन्यांनी त्याचाच धीर सुटला. तेव्हापासून माझे टाके इतरांच्या उलट दिशेला कलतात. मेर्ली गावात कोणता कपडा मी शिवला हे टाक्यावरून कोणीही सांगेल.

अंगावरच्या कपड्याला टाका घालायचा असला की माणसे शिंप्याच्या उजव्या हाताला येऊन बसतात. सवयच तशी असते. मग मी त्यांना खांद्याला धरून डावीकडे घेतो. न सांगता डावीकडे येतात ती फक्त माझ्या घरची माणसे. बायको हेर्सेंत, मुलगा मिलों, आणि लग्न होऊन आल्यावर वर्षभरात शिकलेली सून माहो.

हे आधी सांगतो, कारण पुढचे सगळे यावर आहे.

यरुशलेम पडल्याची बातमी आदल्या हिवाळ्यात आली होती. उन्हाळ्यात फादर गार्निए आमच्या भागात धर्मयुद्धाचा उपदेश करायला आले. त्यांच्याबरोबर लांबेर नावाचा कारकून होता. चुणचुणीत पोरगा, जीभ सुरीसारखी. तो माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला.

"एवरारकाका, चार गावांत आमच्याबरोबर चला. युद्धाला जायची शपथ घेईल त्याच्या खांद्यावर कापडी क्रूस शिवायला माणूस पाहिजे."

"लोक घरी शिवून घेतील की."

"घरी?" तो हसला. "उपदेश संपला की माणूस तापलेला असतो. तिथल्या तिथे खांद्यावर टाका पडला पाहिजे. घरी पाठवला की त्याला बायको भेटते. आणि बायको भेटली की संपलं यरुशलेम."

मला तो आवडला नाही. तरी मी हो म्हटले. मिलों तेव्हा बावीस वर्षांचा होता, माहोला पाचवा महिना होता, आणि तो पंधरा दिवसांपासून जेवताना यरुशलेमचे नाव काढू लागला होता. चौथे गाव मेर्ली होते. मी विचार केला, उपदेश आमच्या दारात येईल तेव्हा सुई निदान माझ्या हातात असेल.

२

पहिले गाव पाँसी. चर्चच्या अंगणात लोक दाटीवाटीने उभे होते. मी दाराजवळच्या दगडी बाकावर बसलो. शेजारी लाल लोकरीच्या पट्ट्यांची टोपली.

फादर गार्निए हळू बोलत. त्यामुळे लोक आणखी जवळ सरकत. "तुमच्या बापाचं घर कोणी बळकावलं," ते म्हणाले, "तर तुम्ही गवत कापत बसाल? प्रभूची कबर तुमच्या बापाचंच घर आहे." मग ते गप्प राहिले. इतके गप्प की कोणाच्या तरी कोंबडीचा आवाज ऐकू आला. "पहिला कोण?"

कोणी हलले नाही. बायकांनी नवऱ्यांच्या बाह्या घट्ट धरल्या होत्या. मला वाटले, नाही यायचे कोणी.

तेवढ्यात गर्दीतून एक माणूस पुढे आला. राखाडी झगा, त्याची टोपी डोळ्यांवर ओढलेली. तो आला आणि माझ्या डावीकडे गुडघ्यांवर बसला.

न सांगता.

मी मनात म्हटले, हा दिसायला साधा पण नजरेचा तेज आहे, मी सुई कोणत्या हातात धरली ते त्याने पाहिले. क्रूस त्याच्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि पहिला टाका घातला. सुई फार सहज गेली. जाड लोकरीत सुई अशी जात नाही. वाकून पाहिले तर त्या खांद्यावर भोकेच भोके होती. एकावर एक, चाळणीसारखी. त्या जागी कितीदा तरी काही शिवले आणि उसवले होते.

झग्याचा खालचा काठ ओला होता. जूनचा महिना, आठ आठवडे पाऊस नव्हता, ओढे आटलेले. आणि ओल्या लोकरीला मांस वर्ज्य असलेल्या उपवासात उघडलेल्या खारवलेल्या माशांच्या पिंपाचा वास येत होता.

त्याचे दात वाजत होते. मी टाके घालत होतो तोवर सारखे तेच ऐकू येत होते. कडकडीत उन्हात.

"ताप आहे का रे बाबा?" मी विचारले.

त्याने फक्त खांदा जरा पुढे केला. शेवटची गाठ मारली तोच मागून लोक लोटले. "मला! मला शिवा!" एका तरुणाची बाही बायकोच्या हातात राहिली आणि तो उघड्या दंडाने माझ्यापुढे आला. मी मान वर केली तेव्हा राखाडी झगा कुठेच नव्हता.

३

दुसरे गाव ब्रियेल. तेच अंगण, तसाच बाक, तीच गप्प राहण्याची युक्ती. "पहिला कोण?"

राखाडी झगा पुढे आला आणि माझ्या डावीकडे बसला.

खांद्यावर क्रूस नव्हता. पाँसीत मी घातलेल्या टाक्यांची भोके मात्र होती. ती मी ओळखली, कारण उलट कललेली होती. माझीच. आता मला सगळे समजले, असे वाटले. मेंढपाळ कळपाला ओढा पार करायला लावतो तेव्हा एक सरावलेली मेंढी आधी उतरवतो. ही या लोकांची सरावलेली मेंढी. दर गावात हा पहिला येणार, संध्याकाळी क्रूस उसवून ठेवणार, उद्या पुन्हा पहिला.

मला राग आला. कारण त्याच्या मागे जे येतात ते काही क्रूस उसवत नाहीत. पाँसीच्या त्या उघड्या दंडाच्या पोराला कोण सांगणार?

पण एक गोष्ट जुळत नव्हती. ती भोके कालची वाटत नव्हती. लोकरीत पाडलेले ताजे भोक डोळा उघडल्यासारखे दिसते. मग घासून घासून तंतू त्याच्यावर चढतात, ते मिटत जाते. त्याला वर्षे लागतात. ही माझी भोके मिटत आली होती.

माझी नजर कमी झाली असेल, मी म्हटले. चाळिशी उलटली की होते.

तरी एक केले. त्याचा क्रूस शिवून झाल्यावर, जणू लोंबणारा धागा कापतो आहे असे दाखवत, झग्याच्या आतल्या काठात मी निळ्या दोऱ्याचा एक टाका घातला आणि माझी गाठ मारली. दोरा नवा होता, हेर्सेंतने वसंतात रंगवलेला. असा गर्द निळा मेर्लीत दुसऱ्या कोणाकडे नाही. हात बाहेर काढला तर बोटे गारठली होती, हिवाळ्यात विहिरीचे पाणी काढल्यावर गारठतात तशी.

त्याचे दात वाजत होते.

४

तिसऱ्या दिवशी शावां. तिथे एक लोहार उपदेश चालू असताना उठून निघाला. कोणीतरी त्याच्या पाठीवर सूत कातायची चाती फेकली. "घे, चुलीजवळ बसून कात!" सगळे अंगण हसले. लोहार दाराशी थांबला, वळला, आणि खाली मान घालून परत येऊन उभा राहिला. फादर गार्निएंनी हसणाऱ्यांना दटावले नाही. त्यांनी फक्त थांबून वाट पाहिली.

आणि मग विचारले, "पहिला कोण?"

तो माझ्या डावीकडे बसला तेव्हा मी क्रूस घेण्याआधी झग्याचा काठ उलटला. निळा टाका तिथे होता. जागा तीच, गाठ माझी.

पण दोरा निळा नव्हता. राखेच्या रंगाचा झाला होता. मी नखाने जरा उचलला तर तो भुगा होऊन गेला. काल दुपारी घातलेला दोरा. उन्हात पडून, पाण्यात पडून दहा वर्षांनी व्हावे तसे त्याचे झाले होते. गाठीच्या आत, जिथे ऊन पोचत नाही तिथे, निळ्याचा एक ठिपका उरला होता.

मी त्या ठिपक्याकडे पाहत राहिलो. "काका, हात चालवा," लांबेर मागून पुटपुटला.

मी शिवले. माझ्या हाताला सवय आहे, तो शिवतो. मी त्या माणसाचे तोंड पाहायचे ठरवले होते. नाही पाहिले. भीती वाटली असे म्हणणार नाही. त्याने मान अशी खाली घातली होती, जणू मीच पाहू नये म्हणून.

५

शावांहून मेर्लीला जाताना मी बैलगाडीत लांबेरला धरले.

"तुमचा तो राखाडी झग्यावाला. किती देता त्याला?"

लांबेरने पुढे पाहिले. फादर गार्निए पुढच्या गाडीत झोपले होते. "काका, तुम्ही शहाणे आहात, तुमच्यापासून काय लपवायचं. माणूस असतो आमचा. ब्रीस नाव त्याचं. पहिला कोणी आलाच नाही तर काय करायचं? देवाचंच काम आहे. जरा ढकलावं लागतं."

"म्हणजे माझा संशय खरा."

"खरा." त्याने खालचा ओठ चावला. "पण ब्रीस पाँसीच्या धर्मशाळेत पडलाय. आम्ही आलो त्याच सकाळी त्याला जुलाब लागले. उठून बसवत नव्हतं. मी तर धास्तावलो होतो, आता पहिला कोण येणार म्हणून."

बैलांच्या गळ्यातली घंटा वाजत होती. मी म्हटले, "मग तो कोण?"

"म्हणजे?" लांबेर माझ्याकडे पाहू लागला. "आम्हाला वाटलं, तुम्ही आणलाय."

"मी?"

"तुमचा कोणीतरी असेल असं वाटलं. बाकी सगळे भलत्या बाजूला बसतात, तुम्ही त्यांना ओढून घेता. तो एकटाच बरोबर तुमच्या बाजूला येऊन बसतो."

मला वाटले, पोरगा खोटे बोलतो आहे. अजूनही कधी कधी तसे वाटून घेतो. पण त्याने पुढे वाटभर एकही विनोद केला नाही, आणि मेर्लीचा कळस दिसल्यावर हळूच विचारले, "काका, त्याला कुठे जाताना तुम्ही पाहिलंत का कधी?"

६

घरी पोचलो तेव्हा सासू-सुनेने आपली तयारी करून ठेवली होती. मिलोंला धान्याच्या माळ्यावर कोंडले होते आणि शिडी काढून घेतली होती.

"जोडे कुठेयत त्याचे?" मी विचारले.

"कणकेच्या पेटीत," माहो म्हणाली. "आणि चड्डी धुवायला टाकलीय. बघू आता कुठे जातोय ते."

वरून मिलोंचा आवाज आला. "बाबा, आईला सांगा, निदान मीठ तरी द्या जेवणाला!"

"मीठ यरुशलेमला मिळतं!" हेर्सेंत ओरडली, आणि तिघेही हसले. मीही हसलो. माझ्या घरात ऐकलेले ते शेवटचे मोकळे हसू.

हेर्सेंतला मी काही सांगितले नाही. काय सांगणार? की एका माणसाचे दात वाजतात? मी ठरवले होते ते साधे होते. पहिला आला नाही तर कळप उतरत नाही, हे लांबेरनेच सांगितले. मग उद्या मी पहिल्याला शिवणारच नाही. मिलों माळ्यावर, पहिला माघारी, आणि मेर्ली सुटली.

मी लाल पट्ट्या घ्यायला पेटारा उघडला. वर हेर्सेंतने हिवाळ्यात विणलेले राखाडी कापड होते, मिलोंच्या झग्यासाठी. सप्टेंबरअखेरच्या सेंट मायकेलच्या सणाआधी ते कापायचे होते. विणताना तिला ताप होता, ताण्याचे दोन उभे धागे तुटले, आणि तिने अंधुक उजेडात तपकिरी मेंढीच्या लोकरीने सांधले. तेव्हापासून कापडाच्या कडेने दोन तपकिरी धागे चिकटून धावतात. तिला त्याची लाज वाटे. मी तिला म्हटले होते, तो भाग मी गळ्याच्या पट्टीखाली आत घेईन, देवालासुद्धा दिसणार नाही.

कापड अजून न कापलेले, घडीत होते. मी ते बाजूला ठेवले.

७

मेर्लीच्या अंगणात ओळखीचे चेहरे होते, हेच वाईट होते. फादर गार्निए त्या दिवशी एका विधवेची गोष्ट सांगत होते, जिने एकुलता एक मुलगा प्रभूला दिला आणि रडली नाही. बायका रडत होत्या. माहो आणि हेर्सेंत अंगणात नव्हत्या, म्हणजे माळ्याखाली पहारा चालू होता. मला बरे वाटले.

"पहिला कोण?"

मी गर्दीकडे पाहिलेच नाही. फक्त ऐकले. फरशीवर ओले पाऊल पडल्याचा आवाज. मग माझ्या डावीकडे गुडघे टेकल्याचा. मग दात.

"तुला शिवणार नाही," मी म्हटले. "कोण आहेस तू?"

अंगण शांत झाले. लांबेर माझ्यामागे उभा होता, त्याचा श्वास मला ऐकू येत होता.

तो माणूस तसाच बसून राहिला. खांदा माझ्याकडे, मान खाली. लहान मूल गुंडी लावून घ्यायला उभे राहते तसा. मी त्याच्या गळ्याची पट्टी धरली. मला टोपी मागे सारायची होती. पट्टी उलटली गेली.

आत दोन तपकिरी धागे होते. चिकटून धावणारे.

कापड जीर्ण होते, मिठाने पांढरे पडलेले, विरलेले. पट्टी आत वळवून शिवली होती, देवालासुद्धा दिसू नये अशी. टाके उलट कललेले होते. त्याच्या मानेवर, केसांच्या खाली, ओल्या कातडीचा बोटभर भाग मला दिसला. आणखी बोटभर वर पाहिले असते तर कान दिसला असता, आणि तो कान मी ओळखला असता. मी पट्टी सोडली.

"नाही," मी ओरडलो. "जा! याला मी क्रूस देणार नाही! जा इथून!"

गर्दीत कुजबूज झाली. एवरार शिंपी क्रूस द्यायला नाही म्हणतो. मग कोणीतरी हसले, आणि माझ्या मांडीवर काहीतरी येऊन पडले. चाती. लोकर गुंडाळलेली.

"एवरार, तूच कात रे आता! सुई तुला झेपत नाही!"

मी खाली चातीकडे पाहिले. तेवढाच वेळ. वर पाहिले तेव्हा डावीकडे कोणी नव्हते. फरशीवर दोन गुडघ्यांचे ओले डाग होते आणि ते उन्हात आकसत होते.

मला वाटले, जिंकलो. कोणी पुढे येत नव्हते. फादर गार्निए माझ्याकडे पाहत होते, रागाने नव्हे, वाट पाहत.

मग गर्दी मागच्या बाजूने फाटली, आणि मिलों आला. अनवाणी, नुसत्या सदऱ्यात, कोपराला खरचटलेले. माळ्याला धान्य ओढून घ्यायची खिडकी असते, ती आम्ही तिघेही विसरलो होतो. त्याने माझ्या मांडीवरची चाती उचलली, मोडली, आणि ज्या बाजूने हसू आले होते तिकडे फेकली.

"माझ्या बापाला कोण हसतंय?" तो म्हणाला. "या ना पुढे. मी आहे पहिला."

आणि माझ्या डावीकडे येऊन बसला.

"शिव," फादर गार्निए हळू म्हणाले. "बापाच्या हातचा टाका. याहून मोठी भेट कोणती?"

माझ्या हाताला सवय आहे. तो शिवतो.

८

त्या संध्याकाळी मिलों दारात बसून पाय धूत होता. "बाबा, मी जाणार नव्हतो," तो म्हणाला. "लांबून नुसतं बघायला आलो होतो. पण तुमच्यावर ते हसायला लागले, आणि..." त्याने पुढचे सांगितले नाही. मीही माझे सांगितले नाही.

क्रूस म्हणजे सगळ्या गावापुढे घेतलेली शपथ. ती मोडणाऱ्याला चर्चमध्ये जागा नाही, कबरस्तानातही नाही. तो शरदात निघणार होता.

हेर्सेंतने पेटारा उघडून कापड माझ्यापुढे ठेवले. मी ते परत आत ठेवले. तिने पुन्हा काढले. असे आठ दिवस चालले.

"पोरगं समुद्रावर चाललंय आणि तुला झगा कापवत नाही?" ती म्हणाली. "कसला बाप आहेस रे तू?"

"मी कापणार नाही."

"का?"

"कापणार नाही."

माझे गणित होते. तो झगा तयारच झाला नाही, तर मिलोंचा तो झग्यातला माणूसही होणार नाही. अडाणी माणसाचे गणित. पण ते सोडून माझ्या हातात दुसरे काय होते? मिलों मामाचा आखूड कोट घालून निघाला. वेशीवर मला मिठी मारली आणि हसत म्हणाला, "परत आल्यावर घालीन तो झगा. कसर लागू देऊ नका."

त्याचे जहाज बंदरातून निघाले. कुठे पोचले, असे कोणी सांगितले नाही. माहोला मुलगी झाली, आलिझ. हेर्सेंत मरताना मला म्हणाली, "त्याला थंडी वाजली असेल." तेवढेच.

९

आता तीस वर्षे झाली. कापड पेटाऱ्यात घडीत आहे. दर वसंतात मी ते झटकतो, दवण्याची पाने घालतो. कसर लागलेली नाही.

पुन्हा उपदेशक फिरू लागले आहेत. फादर गार्निए कधीच वारले, हा दुसरा आहे, म्हणे खूप मोठ्याने बोलतो. काल आलिझ पाँसीच्या बाजारातून आली. तिच्या नवऱ्याचे वय सत्तावीस आहे, आणि तो जेवताना यरुशलेमचे नाव काढू लागला आहे.

"आजोबा," ती म्हणाली, "पाँसीत काय झालं ऐकलंत का? पहिला कोण म्हटल्यावर एक वेडाच आला पुढे. अंगात नुसता सदरा, तोही ओलाचिंब. अंगाला चिकटलेला. दात असे वाजत होते की मागच्या रांगेत ऐकू आले. बायका म्हणाल्या, या बिचाऱ्याला कोणी नाही का, अंगावर घालायला कोणी काही दिलं नाही का?"

मी पेटाऱ्याकडे पाहिले.

"शिंप्यापुढे कुठल्या बाजूला बसला?" मी विचारले.

"म्हणजे?" ती म्हणाली. मग आठवून म्हणाली, "हां, त्याचंच सगळे हसत होते. शिंपी त्याला धरून उजवीकडे आणतोय, आणि हा आपला पुन्हा डावीकडे."

तीस वर्षे मी समजत होतो की कापड न कापून मी त्याला वाचवतो आहे. मी फक्त त्याचा झगा तेवढा काढून घेतला होता.

आज सकाळी कापड बाहेर काढले, दारात उजेडाला बसलो आणि कात्री घातली. डोळे कमी झाले आहेत, पण हाताला माप ठाऊक आहे. दोन तपकिरी धागे गळ्याच्या पट्टीखाली आत घेतले. काठ दुहेरी दुमडला, म्हणजे ओल लवकर वर चढणार नाही. टोपी खोल ठेवली. काठात निळ्या दोऱ्याचा टाका घातला नाही. तो मी पूर्वीच घातलेला आहे.

उपदेशक परवा मेर्लीत येईल. मी आलिझला सांगितले आहे, नवऱ्याचे जोडे लपव, त्याला माळ्यावर ठेव, आणि या वेळी धान्याची खिडकी बाहेरून खिळे ठोकून बंद कर. ती हसली. म्हणाली, खिळे उद्या बघू.

परवा मी त्या दगडी बाकावर जाऊन बसेन. तो येईल, डावीकडे बसेल. क्रूस दुसरा कोणी शिवो. मी फक्त झगा त्याच्या खांद्यावर घालीन आणि गळ्याशी नीट ओढून घेईन. त्याच्यामागे लोक लोटतील, हे मला ठाऊक आहे. कोणाची मुले असतील तेही ठाऊक आहे.

पण मला ते दात ऐकवत नाहीत.